टिक झाल्याविना

कनेक्टर दातांत धरला आणि तिच्या जिभेला नवऱ्याचे दात लागले.

नवरा तिथे नव्हता. तो घरी असेल, अजून लोळत असेल, नाहीतर आरशासमोर उभा राहून मिश्यांना आकार देत असेल. कॅमेरे भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या या मागच्या खोलीत ती होती, तिचा वाकता दिवा होता, भिंग होतं, तापून बसलेली सोल्डरिंगची पेन्सिल होती, आणि शूटिंगवरून परत आलेल्या केबलींचा गुंता होता. दोन्ही हात अडकले की तोंड हा तिसरा हात, ही या धंद्याची रीतच. सेटवर कॅमेऱ्याला बिलगलेले सहायक तेच करतात आणि टेबलाशी बसलेली तीही तेच करते. बोटाच्या पेराएवढा धातूचा तुकडा, पाठीमागे त्याला रबराचं शेपूट. शेपूट दाताखाली धरायचं, हात मोकळे करायचे. आज धरलं, तर रबरात आधीच कुणीतरी जागा करून ठेवलेली. एक रुंद खाच, तिच्या शेजारी काहीच नाही, मग एक तिरकी टोच. जीभ त्या ओळीवरून गेली, थांबली, परत गेली. दिवे गेल्यावर आपल्याच जिन्याची फुटकी पायरी पायाला कळावी तशी तिला ती ओळ कळली. पुढचा रुंद दात, तुटका दात, वाकडा सुळा. आणि सगळ्यात वाईट हे की आधी तिला बरं वाटलं. पापणी लवेपर्यंतच, पण वाटलं. घरचं माणूस गर्दीत पाठमोरं दिसावं तसं. मग चव आली. सिगरेट सोडल्यापासून तो गालात लवंग ठेवतो, तिची ती उग्र, भिजून मऊ झालेली, थुंकीत मुरलेली चव. तिने पुसायच्या चिंधीत थुंकलं. पुन्हा थुंकलं. तोंडातली थुंकी संपली तरी ओठ पुढे येतच राहिले.

तशी ती नाक मुरडणारी बाई नव्हती. घाण म्हणजे तिच्या रोजच्या उठण्याबसण्यातली. केबली कुठून कुठून काय काय लेवून यायच्या. कुणाच्या अंगाला चेहऱ्यावरच्या रंगाचं तूप, कुणाला खोटं रक्त. ते खोटं रक्त साखरेच्या पाकाचं, त्यामुळे पिशवी उघडली की आधी मुंग्या बाहेर यायच्या, मग केबल. चिकटपट्टीचा डिंक उन्हात वितळून काळा पडलेला. कनेक्टरच्या गळ्याभोवती फिरणाऱ्या कॉलरच्या बारीक खाचांमध्ये साठलेला मळ, कानातल्या मळासारखा, पिवळट. तो ती दात कोरायच्या काडीने एकेक खाच फिरवत काढायची आणि काढताना गुणगुणायचीसुद्धा. मालक दारातून जाता जाता म्हणायचा, "ताई, तुमच्याकडं बघून वाटतं, बाळाला न्हाऊ घालताय." ती म्हणायची, "बाळच आहेत ही. फक्त बाप बरेच आहेत." मालक हसत पुढे जायचा. ते सगळं खपत होतं. कारण ती घाण कुणाचीच नव्हती. रस्त्यावरच्या धुळीला कुठे कुणाचं नाव असतं?

ह्या घाणीला होतं.

तिने कनेक्टर चिमट्यात धरून भिंगाखाली घेतला, इतक्या लांबून की जणू तो उडी मारून पुन्हा ओठांवर बसेल. शेपटावरचे दात भिंगात आणखी मोठे झाले. ते बघवेनात म्हणून तिने तोंडाकडची बाजू फिरवली, आणि मग हातच थांबला. ह्या कनेक्टरला पुढच्या गळ्यापाशी बारीक बारीक नखं असतात. सॉकेटमध्ये सरळ ढकललं की ती आतल्या खोबणीत जाऊन बसतात आणि टिक असा आवाज होतो. एवढासा, पण ज्याला ठाऊक आहे त्याला तो ढोलासारखा ऐकू येतो. एकदा टिक झालं की मग केबलला लोंबकळा, हिसका द्या, पाय अडकून पडा, कनेक्टर सुटत नाही. उलट जितकं ओढाल तितकी नखं घट्ट रुततात. सोडवायचा तर कॉलर धरून मागे घ्यायची, की नखं आपणहून मिटतात आणि तो अलगद हातात येतो. ह्याची नखं मिटलेली नव्हती. ती नव्हतीच. कानशीने घासून, कडा मोडून, गुळगुळीत करून टाकलेली. घासणाऱ्याने काम सफाईने केलं होतं, शेवटी बारीक कागदही फिरवला होता. पितळ आतून उघडं पडलं होतं, हिरडीसारखं.

ती सफाई तिने ओळखली. तीही घरचीच होती.

ती नवीनच ह्या टेबलावर आली होती तेव्हा तो सामान परत करायला यायचा. फोकस पुलर. कॅमेऱ्याच्या शेजारी उभं राहून, समोरचं माणूस हलेल तसं भिंगाचं चाक फिरवायचं आणि चेहरा धूसर होऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. तेव्हा दात तुटलेला नव्हता. ती केबल ओढून काढायला बघत होती, कनेक्टर काही हलेना, तिचे कान लाल झाले. तो म्हणाला होता, "अहो, तो तुमचा भाऊ आहे का, शेंडी ओढून उठवायला?" आणि मग तिथल्या तिथे, टेबलावर बोटांनी ताल धरून, तिच्यासाठी जुळवलं होतं:

लालाला लाल लाव गं बाई,
टिक झाल्याविना सोडू नाही.
ओढ ओढशील, घट्ट धरील,
मान धरशील, अलगद येईल.

कनेक्टरवर एक लाल टिंब असतं, सॉकेटवर एक. ती समोरासमोर आणायची, एवढाच त्याचा अर्थ. पण तिने ते गाणं जात्यावर बसल्यासारखं आयुष्यभर ओढलं. सोल्डरिंग करताना म्हटलं, भांडून उशीत तोंड खुपसल्यावर म्हटलं, लेकीला झोपवताना म्हटलं, लेक मोठी होऊन आपल्या घरी गेली, तरी फोनवर अजून विचारते, "आई, टिक झालं का गं?" म्हणजे दार लावलंस का, गॅस बंद केलास का, जेवलीस का. घराला एवढंच एक गाणं होतं आणि ते त्याने केलं होतं. आणि त्याच बोटांनी, तोच ताल धरून कदाचित, त्याने नखं घासली होती. हे आठवताना तिला पुन्हा उमळून आलं, आणि ह्या खेपेला ते पोटातून नव्हतं. कुठून होतं ते तिला सांगता आलं नसतं. पाण्याचा घोट घेतला तर पाण्यालाही लवंग.

परवाच्या शूटिंगचं सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून पडायचं होतं. पडणारी होती मांजर. नायिकांच्या जागी उंचावरून पडणं हा तिचा धंदा आणि कुठूनही पडली तरी चार पायांवर येते म्हणून हे नाव. खाली पुठ्ठ्याची खोकी रचलेली, वर गादी, गादीवर चिकटपट्टीची फुली. कॅमेरा लांब दांड्यावर लटकून तिच्याबरोबर खाली झेपावणार आणि फुलीवर तिचा चेहरा लख्ख दिसणार. पहिली उडी पडली तेव्हा टाळ्या वाजल्या म्हणतात. मग कळलं की चित्र धूसर आलंय, आणि हुकूम झाला: पुन्हा. खोकी घाईघाईत पुन्हा रचली, एक कोपरा पोकळ राहिला. दुसऱ्या उडीला मांजर चार पायांवर आली नाही. त्या संध्याकाळी तो घरी आला, चपला काढता काढता म्हणाला, "मांजर गेली कामातून. कंबर मोडली. पहिल्यांदा जागेवर आली असती तर ही वेळच आली नसती," आणि हात धुऊन जेवायला बसला. ती काल दवाखान्यात जाऊन आली. मांजर पांढऱ्या चादरीखाली सपाट पडली होती, पाय वजनाला टांगलेला, केसांना अजून शूटिंगमधला फवारा चिकटून केसांची राठ जटा झालेली. "ताई," मांजर म्हणाली होती, "माझं काय चुकलं गं? मला तर वाटलं फुलीच्या मधोमध आले. पाठीला कळलं होतं मला. पण ते म्हणाले जागा चुकली. आता डोळे मिटले की ती पहिली उडीच मारते मी. कुठं सरकले असेन?" ती तिच्या कपाळावरचे केस बाजूला करत म्हणाली होती, "होतं असं कधी कधी." होतं असं. आता भिंगासमोर बसून ते दोन शब्द तिला आपल्या तोंडात सापडले, चघळून चोथा झालेले, आणि त्यांनाही कुठे थुंकावं ते कळेना.

कारण आता तिला सगळं दिसत होतं, सिनेमा न बघताही. फोकसचं चाक हल्ली हाताने फिरत नाही, भिंगाला एक छोटी मोटर लावतात आणि मोटर ह्या केबलवर चालते. दांडा झेपावला, केबल ताणली गेली, नखं असती तर रुतली असती. नखं नव्हती. टोक निसटलं, मोटर जागीच मेली, मांजर फुलीवर आली तेव्हा भिंगाची काच अजून वरच्या कठड्याच्याच अंतरावर बघत होती.

संध्याकाळी तो उकडलेली अंडी सोलत बसला होता. स्वयंपाक तिने केला होता पण ताटं वाढायला हात उठेना, म्हणून त्यानेच, "असू दे, असू दे, दमली असशील," म्हणत अंडी उकडली. चांगलाच होता तसा. सगळेच म्हणायचे. ती समोर बसली आणि नको नको म्हणत असताना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पांढरं बोटभर गोल आत जात होतं, दातांची ती ओळ त्यात उमटत होती, रुंद, कोरी, तिरकी, आणि उरलेल्या अर्ध्यावर ठसा ठेवून बाहेर येत होती.

"केबल बघितलीस?" तो म्हणाला.

"बघितली."

"विम्याची बाई येणारे उद्या. कॅमेऱ्याला जे जे लागलं होतं ते सगळं तपासणार म्हणे. पडली ती खोक्यांवर आणि हे तपासणार केबली! वरातीत नवरदेव सोडून घोडा तपासावा तसं."

"नखं घासलीत," ती म्हणाली.

तो चघळायचा थांबला नाही. तेच तिला जास्त लागलं. "सगळेच घासतात," तो म्हणाला. "मोटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये फट केवढीशी असते ठाऊक आहे ना तुला? बोट जात नाही. कॉलर धरायची कशी? डोक्यावर तो दिग्दर्शक, झालं का, झालं का करून कान खातो. घासलं तर नुसतं ओढलं की येतं."

"आलं खरं."

"टोमणे मारू नकोस. अर्धा क्षण गेला असेल. मी लगेच परत लावलं."

"आणि तोंडाने काय सांगितलं तुम्ही?"

तो जिभेने तुटक्या दातामागचा पिवळा बलक काढत होता. गाल आतून फुगत होता, सरकत होता. "सांगायला लागतंच काहीतरी. फोकस गेला की सगळे माझ्याकडं बघतात. म्हटलं, जागेवर आली नाही ती. तेव्हा काय माहीत पुढं काय होणार?"

"आली होती ना पण?"

त्याने पाण्याचा पेला भरला, प्यायला, ठेवला. "आली होती," तो म्हणाला, आणि आवाज एकदम मऊ झाला, जुना झाला, टेबलावर ताल धरणारा. "काय आली होती! अगदी फुलीच्या मधोमध. पान पडावं तशी. मी इतक्या वर्षांत असं पडणं पाहिलं नाही."

ती उठली. न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. काही पडेना. नुसतेच उमाळे. तो दारापर्यंत आला. "काय गं, अंडं बाधलं का?" "मी खाल्लंच नाही." "मग?" तिने चूळ भरली. तो बाहेरूनच बोलत राहिला, समजुतीच्या सुरात, आजारी माणसाशी बोलावं तसं. "तू एवढंच कर. ते टोक काप, नवीन लाव. पाच मिनिटांचं काम तुझं. कुणी विचारलं तर केबल चांगली आहे म्हण. तेव्हा चांगलीच असेल ना ती? खोटंसुद्धा नाही. माझं नाव ह्यात आलं तर उद्या मला कोण बोलावील? ह्या वयात दुसरं काय येतं मला? आणि मांजरीची कंबर काय, त्यानं जुळणार आहे? तू तरी माझ्या बाजूनं बघ."

ती बघत होती. त्याच्या बाजूनेच बघत आली होती ती. त्याचा दात तुटला तेव्हा, कुणा सहायकाने दांडा चुकीचा सोडला होता आणि याने कॅमेरा वाचवायला तोंड पुढे केलं होतं; किती अभिमानाने सांगायची ती लोकांना. नवीन दात बसवू नका म्हणाली होती. त्या फटीतून तो शीळ घालायचा. ती फट तिने रात्री रात्री आपल्या ओठांनी भरली होती, आणि आता तिला वाटलं, आपल्या तोंडात आपलं असं काय उरलंय? दात त्याचे, गाणं त्याचं, होतं असं हेही त्याच्याच खोट्यातून आलेलं. बाहेर आल्यावर त्याने तिचं मनगट धरलं. ओलं होतं म्हणून बोटं सरकली, मग घट्ट झाली. तिने हात ओढला. बोटं रुतली. हे त्याने मुद्दाम केलं नाही, हात तसेच असतात; पण तिने ओढणं थांबवलं, आणि ती थांबल्याबरोबर त्याला वाटलं तिला पटलं. त्याने हात थोपटून सोडून दिला. "शहाणी आहेस," म्हणाला. तेवढ्यात लवंगेचा वास आला. ती तशीच जाऊन पडली. शेजारी तो गाढ झोपला. तोंड किंचित उघडं, श्वासाबरोबर त्या फटीतून बारीक शीळ. इतकी शांत झोप. तिला त्याच्या खोटेपणाची किळस येत होती असं तिला वाटलं होतं. ती किळस खरं म्हणजे ह्या शिळेची होती.

सकाळी टेबलावर तिने नवीन टोक काढून ठेवलं. कातरी काढली. जुन्या केबलला कातरी लावलीसुद्धा, शेपटाच्या थोडं मागे, जिथे दात संपतात तिथे. एक दाबायचं, टोक डब्यात पडायचं, डब्यातल्या शेकडो कापलेल्या टोकांत मिसळून जायचं. मग केबल चांगली. खोटंसुद्धा नाही. हात तयार होता. हाताला कसलीच किळस नव्हती, हात बिचारा सांगितलेलं करतो. पण तिची जीभ आपणहून उठली आणि वरच्या दातांमागून फिरू लागली, रुंद, कोरी, तिरकी, जणू ती ओळ आता तिच्याच तोंडात उगवली होती आणि टोक कापून ती जाणार नव्हती. तिने कातरी खाली ठेवली.

विम्याची बाई वेळेवर आली. पायात सपाट बूट, काखेत कागदांची फाइल, घाम पुसायला रुमाल. उगाच ऐट नसलेली बाई. मालक तिच्यासाठी खुर्ची पुसत होता. मागोमाग नवराही आला, दाढी केलेला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, आणि टेबलावर बायकोची कातरी बघून त्याने बारीक मान हलवली.

"ताई आमच्या सगळं बघतात," मालक म्हणाला. "केबल चांगली आहे ना ताई?"

"दाखवते," ती म्हणाली.

तिने एक मोटर पुढे ओढली. कनेक्टर उचलला, हातानेच. लालाला लाल लावलं आणि सरळ आत ढकललं. ती थोडी थांबली, सवयीने. टिक झालं नाही.

"आता ओढा," ती बाईला म्हणाली.

"मी?"

"केबलला धरून. नुसती."

बाईने दोन बोटांनी ओढली. टोक तिच्या हातात आलं, मांडीवर झोपलेल्या मुलाचं डोकं उशीवर ठेवावं तितक्या अलगद. बाई त्या टोकाकडे बघत राहिली. "हे असं यायला नको ना?"

"नको. नखं घासलीत त्याची. दांडा खाली आला तेव्हा हे सुटलं, म्हणून चित्र धूसर आलं."

"ताई," मालक म्हणाला, "ते आपण मग सावकाश..."

"कुणी घासली?" बाईने विचारलं.

दारातून घसा खाकरल्याचा आवाज आला. तिने तिकडे बघितलं. बघायचं ठरवून बघितलं. त्याचं तोंड उघडं होतं, आणि फटीत काळी लवंग अडकलेली दिसत होती. एवढ्या लांबूनही तिला तिची चव आली. ती तिने गिळली.

"आमच्या ह्यांनी," ती म्हणाली.

तो चौकटीपासून सरळ झाला. मालकाच्या हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर तसंच राहिलं. बाईने फाइल उघडली, एका कागदावरून बोट फिरवत खाली गेली. "केबलमध्ये बिघाड... छेडछाड... हं. आणखी काही?"

"पहिली उडी जागेवर पडली होती. फुलीच्या मधोमध. ते लिहा."

"त्याला इथं रकाना नाहीये हो."

"मग कडेला लिहा. मी थांबते."

बाईने तिच्याकडे बघितलं, मग दारात बघितलं. तिथे आता कुणी नव्हतं. जिन्यावर पावलं उतरत होती, घाई नसलेली. एका हातात फाइल, एका हातात पेन, म्हणून बाईने टोपण दातांत धरून उपसलं, ते तसंच ओठांत राहू दिलं, आणि कागद आडवा करून कडेला बारीक अक्षरात लिहू लागली. टोपण बाईच्या थुंकीने चकाकत होतं. तरी तिने नजर काढली नाही. शेवटचं अक्षर उमटेपर्यंत ती त्या तोंडाकडे आणि त्या हाताकडे बघत उभी राहिली.